जलरक्षण, घराचे

पाऊस, जमिनीतील ओल, पुराचे पाणी आणि घरातच वापरले जाणारे पाणी यांपासून घराच्या बांधकामाला व त्यातील वस्तूंना हानी पोहोचू नये म्हणून योजावयाच्या उपायांना घराचे जलरक्षण म्हणतात. यात घराच्या जागेची निवड, जोत्याची उंची, छपराचा उतार, भिंतींची रचना, पाण्याचा निचरा, जलरोधक थरांचा वापर व नियमित देखभाल या सर्वांचा समावेश होतो. पाणी अडविणे हा जलरक्षणाचा एक भाग आहे. आलेल्या पाण्यास लवकर वाट करून देणे आणि भिजलेले बांधकाम सुकू देणे हे दुसरे दोन भाग तितकेच महत्त्वाचे होत. पुष्कळ घरांत पहिल्याच भागावर खर्च होतो व उरलेल्या दोहोंकडे दुर्लक्ष होते. त्यामुळे महागडे जलरोधक लेप लावूनही ओल कायम राहते.

कोकणातील परिस्थिती : कोकण किनारपट्टीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान ३,००० मिमी.पेक्षा अधिक असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सावंतवाडी तालुक्यातील घाटमाथ्यावरील आंबोली येथे हे प्रमाण सु. ७,००० मिमी.पर्यंत जाते. याच तालुक्यात गोव्याच्या सीमेजवळ, मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर बांदा हे व्यापारी गाव तेरेखोल नदीच्या काठी वसले आहे. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी वरच्या भागात बांदा नदी या नावानेही ओळखली जाते. खालच्या भागात ती महाराष्ट्र व गोवा यांची सीमा बनून तेरेखोल किल्ल्याजवळ अरबी समुद्रास मिळते.

रेल्वे व मोठे रस्ते होण्यापूर्वी कोकणातील व्यापार मुख्यतः नद्या व खाड्या यांच्या मार्गे चाले. त्यामुळे चिपळूण, राजापूर, खारेपाटण, बांदा यांसारख्या बाजारपेठा पाण्याच्या काठीच उभ्या राहिल्या. जी सोय व्यापाराला उपकारक ठरली, तीच पुराच्या वेळी संकटास कारण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तेरेखोलच्या पुराचे पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरले. जुलै २०२१ च्या त्याच अतिवृष्टीत वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहराची मोठी हानी झाली. सह्याद्रीचा उतार तीव्र व नद्यांची लांबी कमी असल्याने घाटावर पडलेले पाणी काही तासांतच खाली येते. त्या वेळी खाडीच्या मुखाशी मोठी भरती असल्यास पाण्याचा निचरा मंदावतो व पूर अधिक चढतो. म्हणून बांद्यासारख्या गावातील घराला वरून पडणारे, बाजूने झोडपणारे, खालून चढणारे व नदीतून येणारे अशा चारही प्रकारच्या पाण्यास तोंड द्यावे लागते.

पाणी घरात शिरण्याची तत्त्वे : पाणी पुढील पाच प्रकारे बांधकामात शिरते. (१) गुरुत्वाकर्षण : छपरातील फट, फुटलेले कौल किंवा सपाट छतावरील खळगा यांतून पाणी खाली झिरपते. (२) वाऱ्याचा दाब : नैर्ऋत्य व पश्चिम दिशांनी येणाऱ्या झडीच्या पावसात वारा पाण्याला भिंतीवर आडवे मारतो आणि बारीक भेगांतून आत ढकलतो. (३) केशाकर्षण : दगड, वीट व गिलावा यांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते. छिद्र जितके बारीक तितकी चढण्याची उंची अधिक असते, ०·०१ मिमी. त्रिज्येच्या छिद्रात पाणी तात्त्विक दृष्ट्या सु. १·५ मी. उंचीपर्यंत चढू शकते. प्रत्यक्षात भिंतीच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत असल्याने जमिनीतील ओल बहुधा १ मी.च्या आसपास थांबते. (४) पाण्याचा स्थिर दाब : भिंतीला लागून पाणी साचल्यास खोलीच्या प्रमाणात दाब वाढतो व पाणी आत लोटले जाते. (५) संघनन : हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर द्रवरूप होते. पावसाळ्यात हवेचे तापमान २८° से. व सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर सु. २६° से. पेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमते. फरशीला ‘घाम येणे’ म्हणतात ते हेच; त्यासाठी जमिनीखालून पाणी यावे लागत नाही.

उपाय निवडण्यापूर्वी पाणी यांपैकी कोणत्या मार्गाने येते हे ठरविणे आवश्यक असते. जमिनीपासून सलग पट्ट्याच्या स्वरूपात दिसणारी व वरच्या कडेला पांढरे क्षार सोडणारी ओल जमिनीतून आलेली असते. पाऊस पडल्यावर काही तासांत गडद होणारा डाग छपरातून किंवा भिंतीच्या भेगेतून आलेले पाणी दर्शवितो. ऋतू कोणताही असला तरी न बदलणारा डाग बहुधा पाण्याच्या नळाची किंवा सांडपाण्याच्या नळाची गळती सुचवितो. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे पाहण्यासाठी सु. ३० सेंमी. बाजूचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारही कडांनी घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवतात. त्याच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूस पाणी जमल्यास ओल भिंतीतील समजावी. खोलीकडच्या बाजूस जमल्यास ती हवेतील बाष्पाची होय.

जागा व जोते : सर्वांत स्वस्त जलरक्षण घर बांधण्यापूर्वीच होते. उताराच्या जागेवर वरच्या अंगाने येणारे पाणी घराच्या पाठीमागून चर खणून दोन्ही बाजूंनी वळवून न्यावे लागते. कोकणात डोंगर कापून घर बसविताना हा चर नसल्यास पाणी मागच्या भिंतीवर साचते. ते केवळ ओल आणत नाही, तर कापलेली दरड कोसळण्यासही कारणीभूत होते. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या घराचे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंमी. उंच असावे असे सांगितले आहे. हे प्रमाण निचऱ्यासाठीचे आहे, पुरासाठीचे नव्हे. पूरप्रवण जागी जोत्याची उंची पूर्वीच्या पुराच्या खुणेवरून ठरवावी लागते. शिवाय रस्त्यांवर वारंवार थर चढविल्याने त्यांची पातळी वाढते आणि एके काळी उंच असलेले जोते काही वर्षांनी रस्त्याच्या पातळीस येते. म्हणून नवे घर बांधताना आजच्या रस्त्याची पातळी गृहीत धरणे पुरेसे नसते.

जोत्याच्या भरावात बारीक मातीऐवजी जाड वाळू किंवा दगडांची खडी यांचा थर घातल्यास छिद्रे मोठी राहतात व केशाकर्षण खुंटते. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरून मग काँक्रीटची जमीन केल्यास ओल बरीचशी अडते. घराभोवती किमान ६० सेंमी. ते १ मी. रुंदीची फरसबंदी करून तिला बाहेरच्या बाजूस दर मीटरला सु. ५ सेंमी. उतार द्यावा. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याशी उडते. भिंतीचा तेवढा भाग पक्क्या दगडाचा ठेवण्यामागे किंवा पागोळीखाली खडी पसरण्यामागे हेच कारण असते.

छप्पर : १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडल्यास १ लि. पाणी जमते. त्यामुळे १०० चौ. मी. छपरावर एका दिवसात १०० मिमी. पाऊस झाला, तर १०,००० लि. पाणी खाली येते. वर्षाचे पर्जन्यमान ३,००० मिमी. धरल्यास हे पाणी ३ लाख लि. होते. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत २०४·५ मिमी. किंवा त्याहून अधिक पडणारा पाऊस अत्यंत जोरदार समजला जातो आणि कोकणात असे दिवस येतात. छपराचे काम हे पाणी थोपविण्याचे नसून ते भिंतीपासून दूर नेऊन टाकण्याचे आहे.

कौलारू छप्पर : कोकणातील घरांवर पूर्वी गवत, माडाची झापे किंवा नळीची कौले असत. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर एकमेकांत अडकणाऱ्या, खाचांच्या चपट्या कौलांचा पश्चिम किनाऱ्यावर प्रसार झाला. ती मंगलोरी कौले म्हणून ओळखली जातात. भाजलेली माती थोडे पाणी शोषते. तथापि उतार पुरेसा असल्यास पाणी आत झिरपण्यापूर्वीच ओघळून जाते. म्हणून उतार कमी झाला की चांगले कौलही गळते. जोराच्या पावसाच्या प्रदेशात मंगलोरी कौलांच्या छपरास सु. ३०° उतार योग्य मानतात. वासे किंवा रिपा वाकल्या की त्या ठिकाणी उतार मोडतो व कौलांमधील सांधे उघडतात. अशा वेळी कौले बदलून उपयोग होत नाही, लाकूड बदलावे लागते. गळतीची नेहमीची ठिकाणे म्हणजे आढ्यावरील कोनांचे सांधे, दोन पाखे मिळतात ती घळ, छप्पर भिंतीला टेकते ती रेषा आणि वानरांच्या उड्यांनी फुटलेली कौले ही होत. पावसापूर्वी, मे महिन्यात, घराची शाकारणी करण्याचा प्रघात यासाठीच आहे. त्यात कौले उतरवून साफ करणे, फुटलेली बदलणे, वाळवी लागलेल्या रिपा काढणे आणि घळीतील व पन्हळीतील पालापाचोळा दूर करणे ही कामे येतात.

वळचण भिंतीच्या पुढे जितकी अधिक येईल तितकी भिंत कोरडी राहते. कोकणी घराच्या चहूबाजूंची पडवी ही बसण्याची व कामाची जागा असली, तरी तिचे दुसरे कार्य मुख्य भिंतींना पावसापासून दूर ठेवणे हे आहे. झडीच्या बाजूस पावसाळ्यापुरती विणलेल्या झापांची आडोशाची भिंत उभारण्याची जुनी पद्धत आहे. हल्ली तिची जागा प्लॅस्टिकच्या कापडाने घेतली आहे.

सपाट छत : प्रबलित काँक्रीटचे सपाट छत कमी पावसाच्या प्रदेशात सोयीचे असते. कोकणात त्यावर पाणी रेंगाळल्यास ते सूक्ष्म भेगांतून झिरपून आतील पोलादी सळ्यांपर्यंत पोहोचते. गंजलेल्या पोलादाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट होत असल्याने आतून दाब येऊन काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. छताच्या खालच्या बाजूस सळीच्या रेषेत पडलेली भेग किंवा तपकिरी डाग ही या क्रियेची पहिली खूण होय. तेथे केवळ रंग किंवा गिलावा करणे धोक्याचे असते. अशा वेळी सैल झालेले काँक्रीट काढून, सळ्या स्वच्छ करून दुरुस्ती करावी लागते आणि त्यासाठी जाणकार अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट असते.

सपाट छताला दर मीटरला किमान १ ते २ सेंमी. उतार, पुरेशा संख्येने व व्यासाने मोठे उतरते नळ आणि त्यांच्या तोंडाशी पाला अडविणारी जाळी असावी. विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटच्या चुन्याचा कोबा ही भारतात रूढ असलेली पद्धत उतार व जलरोधन दोन्ही साधते. कठड्याची भिंत व छत यांच्या सांध्यात गोलाई काढतात, तिला गवंडी वाटा म्हणतात. बहुतेक गळती या सांध्यातून सुरू होत असल्याने हा भाग काळजीने करावा लागतो. काम झाल्यावर उतरते नळ बंद करून छतावर दोन ते तीन दिवस पाणी साठवून परीक्षा घेतात. १० ते १२ सेंमी. जाडीचा कोबा दर चौ. मी.ला सु. २०० किग्रॅ. भार टाकतो. म्हणून जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढविणे छताच्या सुरक्षिततेस घातक ठरते. डांबरी पट्ट, पॉलिमरयुक्त सिमेंटचे लेप व द्रवरूप रबरी लेप हे वजनाने हलके पर्याय आहेत. परंतु ऊन व पाऊस यांमुळे ते जीर्ण होतात व काही वर्षांनी पुन्हा लावावे लागतात. सपाट छतावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घालण्याची पद्धत कोकणात वाढली आहे. ती परिणामकारक असली, तरी वादळी वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून सांगाडा छतात नीट जखडलेला असला पाहिजे.

भिंती : दक्षिण कोकणातील पारंपरिक भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या असतात. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील या खडकाचे वर्णन करताना त्यास विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. खाणीतून काढताना तो मऊ असल्याने कुऱ्हाडीने किंवा यंत्राच्या पात्याने कापता येतो व हवेत राहिल्यावर कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. परंतु भिंत जाड असेल व तिला सुकावयास वाव असेल, तर पावसात शोषलेले पाणी ऊन पडताच बाहेर निघून जाते. जुन्या घरांतील चुन्याचा गिलावा बाष्पाला वाट देतो. अशा भिंतीवर जाड सिमेंटचा गिलावा व त्यावर तैलरंग दिल्यास बाहेरचे पाणी भेगांतून आत जाते, पण बाष्परूपाने बाहेर पडू शकत नाही. मग ओल आतल्या बाजूस फुटते, क्षार साचून गिलावा पोकळ होतो व रंग फुगून पडतो. यास लोणा लागणे म्हणतात. जुन्या चिरेबंदी घराची दुरुस्ती चुन्याच्या किंवा चुना अधिक असलेल्या मिश्रणाने करणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते. नव्या बांधकामात चिरा उघडा ठेवावयाचा असल्यास सांधे पूर्ण भरलेले असणे आणि भिंतीवर वळचण असणे या दोन अटी पाळाव्या लागतात.

जमिनीतील ओल थांबविण्यासाठी जोत्याच्या पातळीवर, जमिनीपासून किमान १५ सेंमी. उंच, भिंतीच्या पूर्ण रुंदीत ओलरोधी थर घालतात. तो सु. ४ सेंमी. जाडीच्या सघन काँक्रीटचा असून त्यात जलरोधक द्रव्य मिसळतात व वर डांबराचा लेप देतात. हा थर अखंड असणे महत्त्वाचे आहे. बाहेरून त्याच्यापेक्षा उंच माती किंवा बागेचा वाफा चढविल्यास ओल त्याला वळसा घालून आत येते. जुन्या भिंतीत तो नसल्यास भोके पाडून जलरोधी रसायन भरण्याची पद्धत आहे. तथापि ती वापरण्यापूर्वी बाहेरील माती उतरविणे व निचरा सुधारणे एवढ्याने ओल कमी होते का, ते एक पावसाळा पाहावे.

खिडक्यांवरील छज्जांच्या खालच्या पृष्ठभागावर बाहेरच्या कडेजवळ एक खाच ठेवतात. कडेवरून आत वळणारे पाणी तेथे थांबून खाली पडते. ही लहान गोष्ट वगळल्यामुळे पाणी छज्जाच्या खालून भिंतीपर्यंत येते. खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूस उतार असावा. लाकडातील ओल सतत २० टक्क्यांच्या वर राहिल्यास त्यास कुजविणारी बुरशी लागते. म्हणून चौकटी व वासे भिंतीत बसणारा भाग डांबराने किंवा कोकणात उपलब्ध असलेल्या काजूच्या टरफलांच्या तेलाने रंगविण्याचा प्रघात आहे.

घरातील पाणी : स्नानगृह व शौचकूप यांची जमीन लगतच्या खोलीपेक्षा खाली ठेवून फरशीखाली जलरोधक थर देतात व तो भिंतीवर सु. ३० सेंमी. चढवितात. नळ भिंतीत बुजविण्यापूर्वी दाब देऊन तपासणे हे नंतर भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त पडते. स्वयंपाकघरातील वाफ व पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे यांमुळे हवेतील बाष्प वाढते. कपाटे भिंतीपासून काही सेंमी. दूर ठेवणे, वरच्या बाजूस हवेसाठी झरोके असणे आणि पाऊस उघडल्यावर खिडक्या उघडणे हे त्यावरील साधे उपाय होत.

पुरापासून रक्षण : पूर अडविण्याच्या प्रयत्नास मर्यादा आहेत आणि त्या पाण्याच्या दाबामुळे पडतात. भिंतीबाहेर १ मी. पाणी साचल्यास भिंतीच्या दर मीटर लांबीवर सु. ५०० किग्रॅ. भाराइतके बल येते, २ मी. पाण्यास ते सु. २,००० किग्रॅ., म्हणजे चौपट होते. प्रवाहाचा जोर व वाहत आलेले ओंडके यांचे आघात त्यात अधिक पडतात. साधी घरगुती भिंत एवढ्या आडव्या बलासाठी बांधलेली नसते. म्हणून पाणी सु. ६० ते ९० सेंमी.पर्यंतच असेल, तर दारात फळ्या, प्लॅस्टिकचे कापड व वाळूच्या पिशव्या लावून ते अडविणे योग्य ठरते. त्याहून अधिक चढू लागल्यास ते आत येऊ देऊन दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणे घर वाचविण्याच्या दृष्टीने हितकर असते. पिशव्या अर्ध्याहून थोड्या अधिक भरून, विटांप्रमाणे सांधे चुकवून रचतात. पूर्ण ठासून भरलेल्या पिशव्यांमध्ये फटी राहतात. दार बंद केले, तरी सांडपाण्याच्या नळांतून पाणी उलटे आत येते, म्हणून त्यांवर एकमार्गी झडप असावी किंवा तोंडे पिशव्यांनी दाबावीत.

वारंवार पूर येणाऱ्या जागी खालचा मजला पाण्यात जाणार असे गृहीत धरून रचना करणे अधिक शहाणपणाचे असते. त्यात तळमजल्यास फरशी, दगड व सिमेंट यांसारखी पाण्याने न बिघडणारी द्रव्ये वापरणे, विजेचा मीटर, मुख्य खटका व प्लगची ठिकाणे जुन्या पुराच्या खुणेच्या वर बसविणे, धान्य, कागदपत्रे व मौल्यवान माल यांसाठी पक्का माळा ठेवणे आणि पाणी बाहेर पडण्यास वाटा ठेवणे या गोष्टी येतात. दुकानदाराच्या दृष्टीने माळ्यापर्यंत चढणारा रुंद जिना ही चैन नसून विम्याइतकीच गरजेची तरतूद आहे. कारण इशारा व पूर यांत मिळणाऱ्या अल्प वेळात किती माल वर जाईल, हे त्यावर अवलंबून असते. पाण्याची रिकामी टाकी तरंगून नळ तोडते. घरगुती वापराच्या १४·२ किग्रॅ. वायूच्या सिलिंडरचे भरलेले वजनही त्याने बाजूला सारलेल्या पाण्यापेक्षा कमी असल्याने तो तरंगतो. म्हणून त्याची झडप बंद करून तो बांधून ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी निळी व लाल अशा दोन पूररेषा निश्चित करतो. निळी रेषा सामान्यतः २५ वर्षांतून एकदा व लाल रेषा १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची पातळी दाखविते. या शब्दप्रयोगाने पुष्कळदा गैरसमज होतो. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एक पूर आल्यावर पुढील नव्याण्णव वर्षे निर्धास्त राहावे असा नसून, दर वर्षी त्याची शक्यता १ टक्का असते एवढाच आहे. तीस वर्षे टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सु. २६ टक्के आणि निळ्या रेषेचा पूर येण्याची शक्यता सु. ७१ टक्के निघते. ज्या पावसाच्या नोंदींवरून या रेषा काढल्या जातात, त्यांतील अतिवृष्टीचे प्रमाण बदलत असल्यास प्रत्यक्ष धोका याहून अधिक असू शकतो. म्हणून घराच्या भिंतीवर प्रत्येक पुराची खूण वर्षासह कोरून ठेवणे ही लहानशी कृती पुढील पिढीस कोणत्याही नकाशाइतकी उपयोगी पडते [⟶ पूर व पूरनियंत्रण].

पूर ओसरल्यावर : घरात जाण्यापूर्वी भिंतींना नवीन भेगा, फुगवटा किंवा कल आला आहे का, ते बाहेरून पाहावे. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी. ओल्या जमिनीवर उभे राहून त्यास हात लावू नये. भिजलेली तारजोडणी तज्ञाकडून तपासल्याखेरीज प्रवाह सुरू करू नये. तळघरातील पाणी एकदम उपसल्यास बाहेरील ओल्या मातीचा दाब भिंती आत ढकलतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने काढावे. गाळ ओला असतानाच काढणे सोपे असते. वाळल्यावर तो कठीण होतो. पुराच्या पाण्यात मैला व उंदरांचे मूत्र मिसळलेले असल्याने अतिसार, लेप्टोस्पायरोसिस इ. रोगांची भीती असते. सफाई करताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व हातमोजे वापरावेत, जखमा झाकाव्यात आणि ताप आल्यास त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत. अडगळीत साप असण्याचा संभव लक्षात ठेवावा. विहिरीतील गढूळ पाणी उपसून, नव्याने आलेल्या पाण्यात दर १,००० लि. ला सु. २·५ ग्रॅ. चांगल्या प्रतीची विरंजक चुकटी मिसळतात व किमान एक तास थांबून ते वापरतात. पाणी फार दूषित असल्यास हे प्रमाण वाढवावे लागते.

भिजलेल्या गाद्या, कापूस व भुशाच्या फळ्यांचे सामान यांवर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. ते वाचविण्यापेक्षा टाकून देणे आरोग्यास हितावह असते. सागवान, फणस यांसारख्या घन लाकडाचे सामान मात्र धुऊन सावलीत हळूहळू वाळविल्यास वाचते. कडक उन्हात ते तडकते. भिंती सुकण्यास आठवडे नव्हे, तर कित्येक महिने लागतात. गणपती किंवा दिवाळी यांपूर्वी घर नीटनेटके दिसावे म्हणून ओल्या भिंतीवर गिलावा व रंग देण्याची घाई होते; असा रंग पुढील पावसापूर्वीच सुटतो व आत कोंडलेली ओल लाकडाला आणि सळ्यांना बाधते. पहिल्या वर्षी चुन्याचा पातळ हात देऊन भिंत सुकू देणे व कायमचे काम पुढील उन्हाळ्यात करणे हा योग्य क्रम होय.

देखभाल व विमा : घराचे जलरक्षण हे एकदाच करून संपणारे काम नाही. मे महिन्यात छप्पर, पन्हळी, उतरते नळ व घराभोवतीचे चर साफ करणे. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरून पाणी कोठे साचते ते पाहणे. ऑगस्टच्या उघडिपीत पाला पुन्हा काढणे. आणि ऑक्टोबरात भेगा व डागांची नोंद करून दुरुस्ती ठरविणे, असा क्रम ठेवल्यास मोठा खर्च टळतो. कोकणातील पुष्कळ घरे वर्षातील बराच काळ बंद असतात. अशा घरांत एक फुटलेले कौल एका पावसाळ्यात वासा कुजविण्यास पुरेसे होते. घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून पावसाळ्यात दोन-तीनदा ते उघडून पाहण्याची व्यवस्था करणे हा त्यावरील सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हा घरासाठीचा प्रमाणित विमा लागू झाला असून त्यात पूर व वादळ यांमुळे होणाऱ्या हानीचा अंतर्भाव आहे. हळूहळू मुरलेली ओल, झीज व देखभालीचा अभाव यांमुळे झालेले नुकसान मात्र अशा विम्यातून मिळत नाही. पुरानंतर सफाईपूर्वी पाण्याच्या पातळीची व खराब झालेल्या मालाची छायाचित्रे काढून ठेवणे आणि महसूल खात्याकडून पंचनामा करून घेणे विमा व शासकीय मदत या दोन्हींसाठी आवश्यक असते. खरेदीच्या पावत्या, विम्याचे कागद व जमिनीचे उतारे यांच्या प्रती घराबाहेर, शक्यतो पुराच्या टापूपलीकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवल्यास त्या ऐन वेळी उपयोगी पडतात.